इंग्रजीच्या शिक्षकाबरोबर केमिस्ट्री शिकवायची? हो म्हणा, पण आधी हे ठरवून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात सात वर्षं केमिस्ट्री शिकवलीत, आता अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाच्या आसपास एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक मुलांसाठीच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, पार्ट टाइम शिकवताय, आणि डीननी विचारलंय की इंग्रजी कॉम्पोझिशनच्या, म्हणजे लेखन शिकवणाऱ्या, एका सरांबरोबर मिळून दहा क्रेडिटचा एकच कोर्स घ्याल का. हो म्हणू का, हे प्रत्यक्षात चालतं कसं, आणि शेवटी तुम्ही अगदी मनातलं लिहिलंय की "त्या सरांसमोर आणि पोरांसमोर मला एखादी गोष्ट आली नाही तर काय".

हो म्हणा. मी याच राज्यात कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजी आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स शिकवते, एकवीस वर्षं झाली, त्यात अकरा वेळा असे जोडीने कोर्स घेतलेत, इंग्रजीबरोबर सात, इतिहासाबरोबर तीन आणि स्टॅटिस्टिक्सबरोबर एक. आणि तुमचा जो शेवटचा प्रश्न आहे ना, तोच खरा मुद्दा आहे, बाकी सगळं वेळापत्रक आणि कागद आहेत, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश येते.

आधी माझी पहिली फजिती सांगते कारण बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात. पहिल्यांदा मी इतिहासाच्या एका सहकाऱ्याबरोबर कोर्स घेतला. आम्ही काय केलं, तर सोमवार तिचा, बुधवार माझा, शुक्रवारी अर्धा अर्धा. मी शिकवत असताना ती तिच्या ऑफिसात पेपर तपासायची, ती शिकवायची तेव्हा मी लॅबची तयारी करायचे, आणि आम्हाला दोघींना वाटायचं किती छान वेळ वाचतोय. सहाव्या आठवड्यात एका मुलाने, दिवसभर गोदामात काम करून संध्याकाळी यायचा तो, अगदी साधेपणाने विचारलं की मॅडम या दोन क्लासचा एकमेकांशी संबंध नक्की काय आहे, म्हणजे परीक्षेत विचारणार का तुम्ही? मला त्या क्षणी कळलं की संबंध जोडायचं सगळं काम आम्ही त्या मुलावर टाकलं होतं. आम्ही दोघी शिकलेल्या, पगार घेणाऱ्या, आम्ही ते जोडलं नाही, आणि दिवसभर खोकी उचलून आलेल्या पोराने ते डोक्यात जोडावं अशी अपेक्षा होती आमची. पाळीपाळीने शिकवणं म्हणजे एकत्र शिकवणं नाही. तुमचे ते सर जर म्हणाले की आपण आठवडे वाटून घेऊ, तर तिथेच थांबा आणि बोला.

एकत्र म्हणजे दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी, आणि जो शिकवत नाहीये तो मोबाइल बघत नाहीये तर वही उघडून बसलाय. हे या राज्यात नवीन नाही, उलट तुम्ही अगदी योग्य ठिकाणी येऊन पडलाय. याचं मूळ फार मागे जातं, अलेक्झांडर माइकलजॉन नावाच्या माणसाने १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात एक्सपेरिमेंटल कॉलेज काढलं, विषयांच्या भिंती काढून टाकल्या, ते १९३२ ला बंद पडलं पण कल्पना राहिली. मग १९७१ मध्ये ऑलिंपियाला एव्हरग्रीन स्टेट कॉलेज सुरू झालं, तिथे तर वेगवेगळ्या विषयांचे दोन-तीन शिक्षक मिळून एकच पूर्ण वेळेचा प्रोग्रॅम शिकवतात. आणि तिथल्या शिक्षकांच्या देवाणघेवाणीतून १९८४ च्या सुमारास सिअ‍ॅटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजात कोऑर्डिनेटेड स्टडीज, म्हणजे असेच जोडीने शिकवायचे कोर्स, सुरू झाले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजनेही सत्तरच्या दशकापासून आपल्या पद्धतीने क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वर्गांचे गट, चालवले. म्हणजे ज्या कॉलेजांत मुलं नोकरी करून, पोरं सांभाळून, बस बदलून येतात तिथेच हे रुजलं, फक्त महागड्या खासगी कॉलेजांत नाही. लोक म्हणतात ना की असल्या मुलांना आधी बेसिक शिकवा, हे आंतरविद्याशाखीय वगैरे नंतर, ते मला अजिबात पटत नाही.

कारण बघा, आपल्याकडे हॉस्टेल असतं, कट्टा असतो, कॅन्टीनमध्ये तासन्‌तास बसणं असतं. इथे कम्युनिटी कॉलेजात मुलगा गाडी पार्क करतो, वर्गात येतो, वर्ग संपला की कामावर जातो. व्हिन्सेंट टिंटो म्हणून जे अभ्यासक आहेत त्यांनी नव्वदच्या दशकात सिअ‍ॅटल सेंट्रल आणि लाग्वार्डिया दोन्हीचा अभ्यास केला आणि त्यांचा मुद्दा हाच की अशा मुलाला मित्र आणि अभ्यास दोन्ही जर कुठे भेटणार असतील तर ते वर्गातच, दुसरीकडे जागाच नाही. दहा क्रेडिटचा एक वर्ग म्हणजे आठवड्याला दहा तास तीच माणसं, तेच चेहरे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते एकमेकांना लिफ्ट द्यायला लागतात, कुणाचं बाळ आजारी आहे हे माहीत असतं, आणि एखादा दोन दिवस आला नाही तर मेसेज जातो. हे मी पाच क्रेडिटच्या साध्या वर्गात कधीच इतकं पाहिलं नाही.

आता प्रत्यक्ष वर्ग कसा दिसतो. कोर्सला विषय नको, प्रश्न हवा, आणि तो प्रश्न असा हवा की दोघांपैकी एकट्याला उत्तर देता येणार नाही. "पर्यावरण आणि लेखन" हा प्रश्न नाही, ती फाइलवर लिहायची लेबलं आहेत. आमचा सगळ्यात चांगला चाललेला कोर्स सामन माशावर, समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परत येणाऱ्या माशावर, होता आणि त्याची सुरुवात एका वाक्याने व्हायची. १८५४ च्या डिसेंबरमध्ये इथल्या तेव्हाच्या गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने निस्क्वाली, पुयालप आणि आणखी काही मूळ रहिवासी जमातींशी मेडिसिन क्रीकचा करार केला, जमीन घेतली, आणि बदल्यात लिहून दिलं की नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क तुमच्याकडे राहील, "इन कॉमन विथ ऑल सिटिझन्स ऑफ द टेरिटरी". एवढंच. आता हे "इन कॉमन विथ" म्हणजे काय? इतर नागरिकांसारखाच एक हक्क, की इतरांबरोबर वाटून घ्यायचा हिस्सा? इंग्रजीचे सर हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि मुलं तासभर त्यावर भांडायची. मग ते सांगायचे की ही बोलणी चिनूक जार्गनमध्ये झाली होती, काही शे शब्दांची व्यापारातली मिश्र बोली, तिच्यात असलं कायद्याचं बारीक काही सांगता येणं शक्यच नव्हतं. एकदा एक सोमाली मुलगी, आईबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जायची ती, म्हणाली की मी पण डॉक्टरांचं अर्धंच सांगते, बाकीच्याला आमच्याकडे शब्द नाही, आणि आई सही करते. वर्ग एकदम शांत झाला. तो करार त्या दिवशी सगळ्यांना कळला.

मग फेब्रुवारी १९७४ मध्ये जज जॉर्ज बोल्टनी निकाल दिला की याचा अर्थ जमातींना निम्मा हिस्सा. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये तो मूळ अर्थ कायम ठेवला. आणि इथे माझं काम सुरू व्हायचं, कारण मुलांना मी विचारायचे की निम्मा, पण कशाचा निम्मा? नदीत आलेल्या सगळ्या माशांचा निम्मा काढला तर पुढच्या पिढीला अंडी कोण घालणार. म्हणून आधी मोजायचं की किती मासे वर जाऊ द्यायचे, त्याला एस्केपमेंट म्हणतात, ते बाजूला काढायचं आणि उरलेल्या, म्हणजे धरता येण्याजोग्या माशांचा निम्मा. म्हणजे कोर्टाचा एक शब्द लावायला बायोलॉजी लागते आणि बायोलॉजीच्या आकड्याला अर्थ द्यायला कोर्ट लागतं. हे मुलांच्या चेहऱ्यावर उतरताना दिसतं. हे मी एकटीने शिकवलं असतं तर करार ही एक स्लाइड झाली असती, सरांनी एकट्याने शिकवलं असतं तर एस्केपमेंट ही तळटीप झाली असती.

तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात, तुमच्यासाठी तर ही गोष्ट आणखी पुढे जाते आणि मला खरंच वाटतं तुम्ही हाच प्रश्न घ्यावा. सिअ‍ॅटलच्या आजूबाजूच्या ओढ्यांमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीला कोहो जातीचे सामन परत येतात आणि अंडी घालायच्या आधीच मरतात. वेस्ट सिअ‍ॅटलला लाँगफेलो क्रीक आहे, तिथे स्वयंसेवक मेलेली मादी उघडून बघतात आणि पोट अंड्यांनी तसंच भरलेलं असतं. त्याच पाण्यात चम जातीचे सामन मात्र ठणठणीत. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये इथल्याच संशोधकांनी, त्यात तुमच्या टॅकोमाचेही होते, दाखवून दिलं की गुन्हेगार टायर आहे. टायरला ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून सिक्स-पीपीडी नावाचं केमिकल घालतात, ते ओझोनशी रिअ‍ॅक्शन होऊन सिक्स-पीपीडी-क्विनोन बनतं, टायर झिजतो, पाऊस ते रस्त्यावरून ओढ्यात नेतो आणि कोहो काही तासांत मरतो. आणि २०२३ मध्ये पुयालपसकट तीन जमातींनी फेडरल पर्यावरण खात्याकडे अर्ज केला की टायरमधलं हे केमिकल थांबवा, खात्याने तो विचारात घ्यायचं मान्य केलं. पुयालप म्हणजे १८५४ च्या त्याच करारावर सही करणारे, ज्यांच्या नदीकाठी तुमचं टॅकोमा वसलंय. करारातल्या एका वाक्यापासून टायरच्या ऑक्सिडेशनपर्यंत एक सरळ रस्ता आहे, आणि तुमच्या वर्गातली निम्मी मुलं रोज त्याच रस्त्यावरून टायर झिजवत येतात. याहून चांगलं कुठलं उदाहरण शोधणार.

आता तुमच्या भीतीबद्दल. आपण ज्या पद्धतीत शिकलो आणि शिकवलं तिथे सर किंवा मॅडम वर्गात "मला माहीत नाही" म्हणत नाहीत. मीही सांगलीत शिकले, माझ्याही अंगात ते मुरलेलं होतं. पहिल्या इंग्रजीच्या सरांबरोबर असताना ते एका निबंधाची रचना समजावत होते, मला काही कळत नव्हतं, आणि मी मान डोलावत बसले होते. त्यांनी मुलांसमोर मला विचारलं की तुम्हाला हे पटतंय का. मी क्षणभर थांबले आणि म्हटलं नाही, मला कळलंच नाही, हा लेखक मुद्दा आधी का सांगत नाही, आमच्या रिपोर्टमध्ये आम्ही निष्कर्ष आधी देतो. त्यावरून आमचा वाद झाला, चांगला वीस मिनिटं, आणि मी शेवटी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसानंतर वर्गातले हात वर यायला लागले. ज्या बाईने तोपर्यंत एकदाही तोंड उघडलं नव्हतं, बावन्न वर्षांची, तीस वर्षांनी शिकायला परत आलेली, तिने पहिल्यांदा विचारलं की मोल, ते पदार्थ मोजायचं एकक, म्हणजे नक्की काय. कारण तिने पाहिलं की पीएचडी केलेली बाई पण हात वर करून विचारते आणि आकाश कोसळत नाही.

हेच आहे सगळं, माझ्या मते. दोन शिक्षकांमुळे दुप्पट माहिती मिळते म्हणून हे चालत नाही. एक हुशार मोठा माणूस नवीन गोष्ट कशी शिकतो, कुठे अडतो, काय प्रश्न विचारतो, चुकल्यावर काय करतो, हे या मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणी नाही. त्यांना वाटतं हुशार माणसाला सगळं आधीपासून येतं आणि आपल्याला येत नाही म्हणजे आपण त्यातले नाही. पॅट्रिक हिल म्हणून एक प्राध्यापक होते, त्यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एक पद्धत काढली होती, एका शिक्षकाला शिकवण्यातून मोकळं करायचं आणि त्याने मुलांबरोबर बसून तेच कोर्स विद्यार्थी म्हणून करायचे, त्याला मास्टर लर्नर म्हणायचे. तेवढे पैसे आपल्या कॉलेजांकडे नाहीत पण तुम्ही आणि ते सर, आलटून पालटून, एकमेकांचे मास्टर लर्नर व्हायचं आहे. त्यांचे निबंध तुम्हीही लिहा, सगळे नाही, एक तरी. त्यांना टायट्रेशन करायला लावा मुलांसमोर. एंडपॉइंट, म्हणजे थेंब टाकणं थांबवायचा क्षण, निघून जाऊन पाणी गडद गुलाबी झालं तर होऊ दे.

आणि भांडा. सभ्यपणे पण खरंच. वर्गात एकमेकांना "फार छान मुद्दा सर" म्हणत बसलात तर मुलांना तो सत्कार समारंभ वाटतो. पुरावा म्हणजे काय यावर केमिस्ट्री आणि इंग्रजीचं एकमत नाहीच आहे, ते लपवू नका.

आता कागदाचं बोलू, कारण पार्ट टाइमवाल्यांचं नुकसान इथेच होतं. पगार किती तासांचा, हे लेखी घ्या. दहा क्रेडिटच्या वर्गात तुम्ही दहाही तास हजर असणार आणि पगार जर पाच क्रेडिटचा असेल तर बाकीचे तास कोण देतंय? सगळीकडे वेगळा हिशोब आहे. साधारण हिशोब असा असतो की दोन शिक्षक तर विद्यार्थीही दुप्पट, पण मग पन्नास जणांचा वर्ग होतो आणि चर्चेचा सत्यानाश. या राज्यात आय-बेस्ट नावाचा कार्यक्रम २००४ पासून आहे, बेसिक इंग्रजी किंवा गणित शिकवणारा आणि धंदेशिक्षण देणारा, म्हणजे नर्सिंग असिस्टंट, वेल्डिंग वगैरे, असे दोन शिक्षक एकत्र, आणि तिथे नियम आहे की निदान अर्धा वेळ दोघं वर्गात हवेत, आणि राज्य त्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजला पावणेदोन पट निधी देतं. म्हणजे दोन माणसं एका खोलीत बसवायला जास्त पैसे लागतात हे सरकारने कागदावर मान्य केलंय. डीनशी बोलताना हे उदाहरण काढा, उपयोगी पडतं. शिवाय आठवड्याला दीड-दोन तास तुमची दोघांची मीटिंग लागणार, ती "वेळ मिळेल तशी" होत नाही, वार आणि वेळ ठरवा.

ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दोन वेगळे कोर्स आणि दोन वेगळे ग्रेड दिसायला हवेत, इंग्रजी १०१ पाच क्रेडिट आणि केमिस्ट्रीचा जो काही नंबर आहे तो पाच क्रेडिट. हौसेने नवीन नाव देऊन एकच दहा क्रेडिटचा कोर्स काढू नका, मूल पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात गेलं की तिथला सल्लागार विचारतो हे काय आहे आणि मुलाचं क्रेडिट लटकतं. आणि दहा क्रेडिट एका जागी असण्याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा. नोकरी करणाऱ्याला ते सोयीचं आहे, तीन दिवस यायचं आणि काम झालं, पण नोव्हेंबरात शिफ्ट बदलली आणि वर्ग सोडावा लागला तर एकदम दहा क्रेडिट जातात, आर्थिक मदत धोक्यात येते. आमच्याकडे अशी एक मुलगी गेली, आणि मला अजून वाटतं की आम्ही आधी विचार केला असता तर ती अर्धा तरी कोर्स वाचवू शकली असती. त्यानंतर आम्ही पहिल्या दिवशीच सांगतो की अडचण आली तर आधी आमच्याकडे या, एक ग्रेड वाचवायची वाट आम्ही आधीच रजिस्ट्रारशी बोलून ठेवलेली असते.

असाइनमेंटचं थोडक्यात. निदान एक मोठं काम असं हवं जे दोघं वाचणार आणि दोघं मार्क देणार, आपापल्या विषयासाठी. दोघांनी पहिले पाच पेपर एकत्र बसून तपासा, तिथेच कळतं की "चांगलं" म्हणजे काय यावर तुमचं जमतंय का. आणि आठवड्याला एक सेमिनार, बारा-पंधरा जणांचे गट, प्रत्येकाने येताना एक पान लिहून आणायचं, ते नसेल तर त्या दिवशी बसून ऐकायचं, बोलायचं नाही. एव्हरग्रीनकडून आलेली ही सवय आहे आणि ती सोडू नका, मुलं आधी कुरकुरतात, पाचव्या आठवड्यात तेच पान घेऊन तावातावाने बोलतात.

कोणीतरी तुम्हाला म्हणेल की याचा फायदा सिद्ध झालेला नाही. खरं काय ते सांगते. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३ पासून दीड हजारावर नव्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, जोडलेल्या वर्गांत कोण बसणार आणि नेहमीच्या वर्गांत कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तर जोडलेल्या वर्गांतली मुलं पहिल्या सत्रात जास्त कोर्स पास झाली आणि इंग्रजीच्या रेमेडियलमधून, म्हणजे पाया कच्चा असलेल्यांच्या तयारीच्या वर्गांतून, लवकर बाहेर पडली. नंतर सहा कॉलेजांत असाच अभ्यास झाला तेव्हा एका सत्राच्या जोडलेल्या रेमेडियल वर्गांचा फायदा सरासरीने फारच छोटा निघाला. मी ते दोन्ही वाचलंय आणि माझं मत असं की त्याच मुलांना दोन वर्गांत एकत्र बसवणं म्हणजे एकत्र शिकवणं नव्हे, आणि एका सत्रात कोणाचं आयुष्य बदलत नाही. तुम्ही जादूची अपेक्षा ठेवू नका, डीनना पण तसं वचन देऊ नका. मी हे करते कारण माझी मुलं नंतर इतर वर्गांत जाऊन प्रश्न विचारतात, हे तिथले शिक्षक मला येऊन सांगतात.

आता लगेच काय करायचं ते. डीनना उत्तर द्यायच्या आधी त्या सरांना भेटा, कॉफीला नको, त्यांच्या वर्गात एक तास मागे जाऊन बसा. वही न्या. तास झाल्यावर तुम्हाला न कळलेल्या दोन गोष्टी त्यांना विचारा आणि बघा ते कसं उत्तर देतात, खूश होऊन समजावतात की टाळतात. मग त्यांना तुमच्या लॅबला बोलवा आणि नुसतं बघायला नाही, मुलांबरोबर बेंचवर उभं करा. ते जर गॉगल लावून पहिल्या दहा मिनिटांत एखादा प्रश्न विचारायला लागले, तर त्याच दिवशी डीनना हो कळवा, आणि फॉल क्वार्टर, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबरचं सत्र, मागा, कारण कोहो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतात.